लाकडाचा लोहार

ढलपी शेडच्या दारात उभी राहिली तेव्हा भाता एका फाटकाची बिजागरी ठोकत होता. त्याचं खरं नाव भाता नव्हे, ते उघड आहे. पण तरुणपणी तो बोलायला लागला की भट्टीचा भाता मागं पडेल असा वारा सोडायचा, म्हणून शेडमधल्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता वय झालं सत्तरच्या पुढं, वारा कमी झाला, नाव तसंच राहिलं.

"काका, आत येऊ का?"

भात्यानं डोळे बारीक केले. दारात उजेड मागून येत होता, त्यामुळे नुसती सावली दिसत होती. खांद्याला पिशवी आणि नाकावर चष्मा.

"माप द्यायला आलात का? दारं-खिडक्या असतील तर महिनाभर वेळ नाही."

"अहो काका, मी. ढलपी."

हातोडी जागच्या जागी थांबली. ढलपी म्हणजे गुण्याची मुलगी. लाकूड तासताना जो पातळ तुकडा उडतो ना, ती ढलपी. लहानपणी ही पोर बापाच्या बाकाखाली त्या ढलप्यांच्या ढिगात बसून राहायची आणि घरी जाताना केसांत, फ्रॉकच्या खिशात, चपलेत सगळीकडं त्याच. आई बिचारी रोज अंघोळीच्या वेळी एक सूपभर काढायची.

"अगं, केवढी झालीस! ये, ये. बस. कुठं बसशील? बसायला जागाच नाही मेली."

जागा भरपूर होती. शेडचा डावा अर्धा भाग नऊ वर्षं रिकामा होता. तिथं गुण्या सुताराचं लांबलचक बाक होतं आणि त्यावर नऊ वर्षांची धूळ. भाता आपलं सामान कधी तिकडं सरकवत नव्हता. गिऱ्हाईक म्हणायचं, एवढी जागा आहे, भाड्यानं द्या कुणाला. भाता म्हणायचा, ओल येते. ओल वगैरे काही नव्हती.

ढलपी त्या बाकावरच जाऊन बसली. बसण्याआधी तिनं हातानं धूळ झटकली आणि हात नाकाशी नेला.

"अजून वास येतो हो."

"कशाचा?"

"बाबांचा," ती म्हणाली. मग पिशवी मांडीवर घेऊन म्हणाली, "काका, मी बाबांना घेऊन जायला आले. शनिवारी. माझ्याकडं राहतील आता. एकटे किती दिवस राहणार? हे बाक नेता येणार नाही, माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. ते म्हणाले, ठेव तिथंच, सरपणाला होईल त्याला."

"सरपणाला," भाता म्हणाला.

त्या दिवशी वार होता बुधवार.

आता हे दोघं कोण होते ते सांगितलं पाहिजे. गुण्या सुतार. सुताराकडं काटकोन बघायचं लाकडी हत्यार असतं, त्याला गुण्या म्हणतात, आणि हा माणूस तसाच होता. बोलणं सरळ, चालणं सरळ, जेवायला बसला तरी पाठ भिंतीसारखी. तो आणि भाता मिळून एकोणतीस वर्षं घोडागाड्यांची चाकं करत होते. चाक हे एकट्याचं काम नाही. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि बाहेरचे गोल पुठ्ठे, हे सगळं लाकडाचं, सुताराचं. त्यावर लोखंडाचं कडं, म्हणजे धाव, चढवायची, ती लोहाराची. धाव मुद्दाम चाकापेक्षा जरा लहान करतात. मग ती लालभडक तापवायची, तापली की ती फुगते, तेवढ्यात चाकावर बसवायची आणि वरून पाण्याच्या बादल्या ओतायच्या. धाव आवळते, लाकूड कचकचतं, सगळे सांधे एकमेकांत घुसतात. त्या मिनिटभरात लोहारानं आणि सुतारानं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहायचं असतं. "थांब", "सोड", "ओत", "अजून ओत". तेवढ्या चार शब्दांवर या दोघांनी एकोणतीस वर्षं काढली आणि उरलेला वेळ एकमेकांना शिव्या देण्यात घालवला. फार सुखाचे दिवस होते.

गाड्या नऊ-दहाच उरल्या होत्या तेव्हाची गोष्ट. बग्गीवाल्याचं मोठं मागचं चाक केलं. तिसऱ्या दिवशी ते चाक भर रस्त्यात वाटीसारखं आत बसलं. कुणाला लागलं नाही, पण बग्गी तिरपी झाली आणि लोक हसले. बग्गीवाला तणतणत शेडवर आला. "कुणाचं काम हे?" असं त्यानं विचारलं आणि भात्याच्या तोंडून गेलं, "लाकूड ओलं होतं."

बस. तीन शब्द. गुण्या तिथंच उभा होता. त्यानं रंधे, पटाश्या, वाकस, सगळं फडक्यात बांधलं आणि घरी गेला. पुन्हा आला नाही.

"काका, माझं अजून एक काम आहे तुमच्याकडं," ढलपी म्हणाली. तिनं पिशवीतून वही काढली. "मी एक पुस्तक लिहितेय."

"वा! कशावर?"

"एका शब्दावर."

"आख्खं पुस्तक?"

"सहा वर्षं झाली."

"मग वाक्यावर कधी जायचीस, पोरी?"

ती खदखदून हसली. हसताना ती अगदी आईवर जायची. भात्यानं चहाचं आधण भट्टीच्या कडेलाच ठेवलं. तिथं ते दोन मिनिटांत उकळायचं.

"शब्द तुमचाच आहे. लोहार. म्हणजे आपला नाही, तिकडचा. इंग्रजीत स्मिथ म्हणतात. जर्मन माणूस म्हणतो श्मीट. डच म्हणतात स्मिट, स्वीडनकडं स्मेद. सगळी एका आजीची नातवंडं. नाक सारखं, कान वेगळे."

भात्यानं ते शब्द एकेक करून तोंडात घोळवून बघितले. स्मिथ. श्मीट. स्मेद. "तापल्या लोखंडावर थुंकल्यासारखे आहेत," तो म्हणाला. "लोहाराचेच असणार."

"तीच तर गंमत आहे. फार पूर्वी तो शब्द नुसता लोहाराचा नव्हताच. हातानं घडवणारा जो कुणी असेल, त्याला तो म्हणायचे. लोखंड घडवा नाहीतर लाकूड घडवा. जहाज बांधणारापण तोच."

"छट्!"

"छट् काय? आइसलँड म्हणून बेट आहे, तिथं शब्द आहे स्मिदुर. तिथं आजही नुसतं स्मिदुर म्हटलं तर माणसाच्या डोळ्यांपुढं सुतार येतो. लोहार म्हणायचं असलं तर आधी लोखंड शब्द जोडावा लागतो. लोखंडाचा स्मिदुर."

"म्हणजे तुझा बाप नुसता स्मिदुर, आणि मी शेपूट लावून?"

"हो. आणि अजून खाली खणत गेलं ना, तर काही जाणकारांना वाटतं की मुळात अर्थ होता धारदार हत्यारानं कापणं, कोरणं. ग्रीकांकडं कोरायच्या सुरीला जवळपास तसाच आवाजाचा शब्द आहे. अगदी छातीठोकपणे कुणी सांगत नाही. पण घणाच्या आधी पटाशी असावी, असं दिसतं."

भात्यानं चहा गाळला. एक कप तिच्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि प्यायचं विसरला.

"मग पुढं सुतार कुठं गेले?"

"कुठं म्हणजे?"

"त्या शब्दातून. आधी दोघं होते म्हणतेस. आता तिथं लोहार एकटाच बसलाय. सुतार कुठं गेला?"

"बहुतेक भाषांत हळूहळू बाहेर पडले. शब्द लोखंडवाल्यांकडं राहिला."

"बाहेर पडले की काढले?"

ढलपीनं वहीवरून मान वर केली. "ते मलाही नीट कळलेलं नाही," ती म्हणाली. "शब्दाच्या पोटात एवढं लिहून ठेवलेलं नसतं. पण काका, मी हाच शब्द का धरला सांगू? शाळेत बाईंनी विचारलं होतं, तुझे बाबा काय करतात? मी सांगितलं, अर्धं चाक. बाई म्हणाल्या, आणि उरलेलं अर्धं? मी म्हटलं, ते काका. पुढं शिकायला गेले, तर हा शब्द भेटला. म्हटलं, अरे, हे तर दोघांचं मिळून एक नाव आहे. आमच्या शेडला पाहिजे होतं असं नाव."

भात्यानं हातोडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला कंटाळा आला. मग तिनं कामाचे प्रश्न विचारले. तापलेल्या लोखंडाच्या रंगांना काय काय म्हणता, सांडशीचे प्रकार किती? भात्यानं सांगितलं, पण भाता म्हणून जो वारा असायचा तो नव्हता. उठताना तिनं बाकावरून एकदा हात फिरवला आणि गेली.

खरी गोष्ट अशी होती की लाकूड ओलं नव्हतं.

ते भात्याला नऊ वर्षं माहीत होतं. गुण्या निघून गेल्याच्या चौथ्या दिवशी त्यानं मोडक्या चाकाची धाव काढली, ती मोजली आणि चाकाची कडही मोजली. मोजायला एक लोखंडी चकती असते, तिला दांडा असतो. आधी ती चाकाच्या कडेवरून फिरवत न्यायची आणि फेरे मोजायचे. मग तीच चकती लोखंडी पट्टीवर फिरवायची आणि ठरलेलं तेवढं कमी करून पट्टी कापायची. त्या चाकाचे फेरे होते सात आणि वर साडेचार बोटं. भात्यानं धरले होते सात आणि चार. कारण मोजता मोजता तो बग्गीवाल्याला एक किस्सा सांगत होता. किस्सा रंगात आला होता आणि बग्गीवाला पोट धरून हसत होता. धाव अर्धं बोट लहान झाली. ती चाकावर चढेना, तेव्हा भात्यानं अजून तापवली आणि घणानं ठोकून बसवली. ती लाकडाला आवळत राहिली, आवळत राहिली आणि तिसऱ्या दिवशी आरे वाकले.

हे कळलं तेव्हा त्यानं त्या धावेचे तुकडे करून त्यांच्या बिजागऱ्या केल्या. म्हणाला, उद्या जाऊन सांगतो. उद्याचा परवा झाला. परवा काहीतरी निघालं. मग इतके दिवस का बोलला नाहीस असं तो विचारेल, याची लाज वाटायला लागली. आणि ही लाज अशी की दर वर्षी तिला नवीन थर चढत गेला.

जेवायला घरी गेला तर बायको म्हणाली, "ढलपी येऊन गेली म्हणे. गुण्याभावजी चाललेत ना कायमचे?"

"हं."

"अहो, भाकरी वरणात बुडवायची असते, नुसती धरून बसायची नसते."

"बुडवतोय."

"नऊ वर्षं बघतेय मी. तुमच्या घशात काय आहे ते मला माहीत नाही, पण आहे. शनिवारी तो माणूस गाडीत बसला की ते तिथंच राहील, जन्मभर. मग माझ्यापुढं असं तोंड करून बसायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

भाता हात धुवून तसाच बाहेर पडला.

गुण्याच्या घराचं दार उघडं होतं. आत खोकी, दोऱ्या आणि वर्तमानपत्रांचे बोळे. ढलपी स्वयंपाकघरात भांडी गुंडाळत होती. गुण्या जमिनीवर बसून एकेक हत्यार तेलाच्या फडक्यानं पुसत होता. पाठ ताठ. केस सगळे पांढरे झालेले. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

"ये," तो म्हणाला. नऊ वर्षांनी पहिला शब्द.

भाता बसला. मग त्यानं सरळ सांगून टाकलं.

"धाव अर्धं बोट कमी होती."

"कुठली धाव?"

"बग्गीवाल्याची. ते चाक. लाकूड सुकं होतं, गुण्या. खणखणीत सुकं होतं. मी मोजताना चुकलो. सात-साडेचार होते, मी सात-चार धरले."

गुण्याच्या हातातलं फडकं थांबलं. भात्याला वाटलं होतं, तो म्हणेल, मला माहीतच होतं. नऊ वर्षं त्यानं तसंच धरलं होतं. गुण्याला सगळं माहीत आहे, म्हणून तो रुसलाय. तो काही ओलं-सुकं न ओळखणारा सुतार होता का?

पण गुण्याच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच झालं.

"सुकं होतं?" तो म्हणाला.

"अरे, होतंच."

"तुला नक्की माहीत आहे?"

"मी धाव काढून मोजली. चौथ्या दिवशी."

"त्या वर्षी मी आऱ्यांचं लाकूड नवीन माणसाकडून घेतलं होतं," गुण्या हळू आवाजात म्हणाला. "तो म्हणाला, सहा वर्षं सुकवलंय. मी त्याच्या शब्दावर घेतलं. स्वतः सुकवलं नाही, तेवढं एकदाच. मनात धाकधूक होतीच. आणि तू म्हणालास ओलं होतं. तू असं खोटं कशाला बोलशील? मी म्हटलं, गेली आपली नजर, गेला हात. उद्या कुणीतरी मरेल आपल्या चाकाखाली. म्हणून बंद केलं. तुझ्यावर रुसून नाही, गाढवा. मला माझीच खात्री उरली नव्हती."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. ढलपी दारात उभी होती.

"नऊ वर्षं," गुण्या म्हणाला, "लाकूड हातात आलं की मी आधी ठोकून बघतो आणि कान लावतो. खुर्चीला लावतो. दवाखान्यातल्या बाकाला लावला, तर नर्स म्हणाली, आजोबा, बरं वाटत नाही का? आणि तू चौथ्या दिवशी मोजलीस?"

"हो."

"चौथ्या दिवशी?"

"हो रे."

गुण्या उठला. एवढा सरळ माणूस, पण उठताना भिंतीला हात लावावा लागला. "जा," तो म्हणाला. "आत्ता जा तू. नाहीतर हातात वाकस आहे."

भाता घरी जायच्याऐवजी शेडवर गेला आणि बसून राहिला. गुरुवारी कामाला हात लावला नाही. फाटकवाला येऊन ओरडून गेला, त्याचंही काही वाटलं नाही. बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि न जेवताच भांडी घासायला बसली.

शुक्रवारी सकाळी शेडच्या दारात पुन्हा सावली पडली. या वेळी दोन. पुढं गुण्या, इस्त्रीचा शर्ट घालून, मागं ढलपी.

"चल," गुण्या म्हणाला.

"कुठं?"

"बग्गीवाल्याकडं. तू माझ्याजवळ येऊन कानात सांगितलंस. तेव्हा कानात सांगितलं होतंस का? चारचौघांत सांगितलं होतंस. चल."

भाता उठला. तिघं रस्त्यानं निघाले. बग्गीवाल्याचा तबेला चार गल्ल्या पलीकडं होता. आता एकच घोडा होता त्याच्याकडं आणि एक बग्गी, ती लग्नांना नाहीतर फोटो काढायला जायची. बग्गीवाला घोड्याला खरारा करत होता. त्याचा मुलगा आणि आणखी दोन जण कट्ट्यावर चहा पीत बसले होते.

"ओहो! आज दोन्ही दादा एकत्र! सूर्य कुठून उगवला?"

भाता मधोमध उभा राहिला. त्याला एकदम घाम आला. भट्टीपुढं उभा राहून एवढा कधी आला नव्हता.

"नऊ वर्षांपूर्वी तुमचं मागचं चाक मोडलं होतं," तो मोठ्यानं म्हणाला. "तेव्हा मी म्हणालो होतो की लाकूड ओलं होतं. ते खोटं होतं. लाकूड चांगलं होतं. चूक माझी होती. मी धाव लहान कापली."

बग्गीवाला घोड्याच्या पाठीवर हात ठेवून विचार करत राहिला.

"कुठलं चाक?" तो म्हणाला.

"अहो, ते मागचं. भर रस्त्यात बसलं ते."

"माझं? आठवत नाही बुवा. किती चाकं मोडली या जन्मात!"

कट्ट्यावरचे तिघे हसले. भात्यानं गुण्याकडं बघितलं. नऊ वर्षं आपण ज्याखाली दबून होतो, ते या माणसाच्या डोक्यात एक दिवससुद्धा राहिलं नव्हतं. पण गुण्या हसत नव्हता.

"आठवत नसलं तरी ऐकून घ्या," गुण्या म्हणाला. "लाकूड सुकं होतं. ऐकलंत?"

"ऐकलं, दादा."

"काय ऐकलंत?"

"लाकूड सुकं होतं," बग्गीवाला म्हणाला. तो आता हसत नव्हता. काय चाललंय ते कळलं नाही तरी काहीतरी मोठं चाललंय एवढं त्याला कळलं. "तुमचं लाकूड वाईट होतं असं मी कधी कुणाला बोललो नाही, दादा."

गुण्यानं मान हलवली. मग तो वळला. सगळ्यांना वाटलं, निघाला. पण तो बग्गीच्या मागच्या चाकापाशी गेला आणि वाकून बघायला लागला. चाक कारखान्यातून आलेलं होतं, रबरी धावेचं, चकाचक रंगवलेलं.

"हे कुणी केलं?" तो म्हणाला.

"तयार मिळतात आता. मागवलं."

गुण्यानं एका आऱ्यावर टिचकी मारली आणि कान लावला. मग दुसऱ्यावर. मग भात्याकडं न बघता म्हणाला, "अरे, इकडं ये. तुंबा बघ. यात आरा बसवलाय की खुपसलाय?"

भाता लगबगीनं जाऊन शेजारी वाकला. "आणि ही रबरी पट्टी बघ. खिळे कसले मारलेत! हा खिळा आहे का टाचणी?"

"सांधा उघडलाय इथं. बोट घाल."

"अरे बापरे. जातंय की आत."

"पावसाळ्यापर्यंत टिकत नाही."

"पावसाळा कसला? पुढच्या लग्नाला नवरा-नवरी रस्त्यावर येतील."

"अहो दादा," बग्गीवाला कासावीस झाला, "गिऱ्हाईक यायचंय माझं दहा वाजता! तुम्ही असं मोठ्यानं..."

"गप्प बसा हो," दोघं एकदम म्हणाले.

ढलपीनं घड्याळ बघितलं. खोकी न्यायला माणूस साडेनऊला येणार होता. तिनं दोनदा "बाबा" म्हणून हाक मारली. पण तोवर दोघा म्हाताऱ्यांनी बग्गीखाली अंगं घातली होती आणि खालून फक्त "थांब", "हात काढ", "अरे, तसं नव्हे, लेका" एवढंच ऐकू येत होतं. तिनं कट्ट्यावरच्या माणसांना जरा सरकायला सांगितलं आणि बसली.